आवाज न करणारा कॅमेरा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आठ-दहा दिवसांत नागपूरची हवा पालटते. दुपारचं ऊन अजून चावतं, पण पाच वाजले की शाल शोधावी लागते. चौकाचौकात संत्र्यांच्या गाड्या लागतात आणि फोनवर आमंत्रणं यायला लागतात. अमक्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम, तमक्या मुलीचं पहिलं सादरीकरण, शाळेचं गॅदरिंग. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत या शहरात रोज कोणी ना कोणी पायात घुंगरू बांधून विंगेत उभं असतं, तळहाताला घाम आलेला.

कालही एक आमंत्रण आलं. मी कपाटातून हवाबंद डबा काढला. त्यातल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. लेन्स खिडकीकडे धरून आत बुरशीची जाळी धरली नाही ना, ते पाहिलं. मग टॉर्च मारून पुन्हा पाहिलं. एकदा पाहून माझं भागत नाही.

हा स्वभाव जन्माचा की नोकरीचा, मला सांगता येणार नाही. माझे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. दिवेलागणीला घडी केलेलं कापड ते डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासायचे. नजर फसते म्हणायचे. मी मागावर बसले नाही. विद्यापीठाच्या पडताळणी विभागात चिकटले आणि पंचवीस वर्षं तिथेच आहे. कंपन्यांकडून गुणपत्रिकांच्या प्रती येतात, त्या खऱ्या की बनावट हे मी सांगते. सही ओढलेली आहे की गिरवलेली, शिक्का आधी की शाई आधी. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. तो संशय संध्याकाळी सहा वाजता टेबलावर ठेवून घरी यावं, हे मला कधी जमलं नाही.

कॅमेरा माझ्या हातात आला तोही संशयापोटीच. कोरोनानंतर सभागृहं पुन्हा उघडली तो पहिला हिवाळा होता.

माझी मुलगी केतकी तेव्हा अकरावीत होती. सातव्या वर्षापासून ती रामदासपेठेत कुमुदताईंकडे कथक शिकत होती. दोन दवाखान्यांच्या मधल्या जुन्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर, ताईंचा क्लास होता. खालून रुग्णवाहिका ओरडत गेली तरी वर पायांच्या तत्काराचा ठेका सुटायचा नाही. ताई तेव्हा साठीच्या पुढे गेल्या होत्या. एकट्या राहायच्या. फार बोलायच्या नाहीत. मुलींची चूक दाखवायची तर नुसती भुवई उचलायच्या, आणि ती भुवई मुली घरी येऊनही विसरायच्या नाहीत.

त्या हिवाळ्यात ताईंनी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लासमध्येच छोटी सभा ठेवायला सुरुवात केली. दोन वर्षं मुली मोबाइलच्या पडद्यासमोर नाचल्या होत्या, त्यांना माणसांची सवय पुन्हा व्हावी म्हणून. खोलीच्या एका टोकाला दिवे लावायचे, डाव्या बाजूला पडदा सोडून विंग करायची, समोर सतरंजीवर आम्ही पालक. जानेवारीत मोठ्या सभागृहात वार्षिक कार्यक्रम व्हायचा होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या सभेला मला तो माणूस दिसला. साठीच्या आसपासचा, किडकिडीत, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. पहिल्या रांगेच्याही पुढे, उजव्या कोपऱ्यात, बुटक्या स्टुलावर बसलेला. हातातल्या कॅमेऱ्याची लेन्स आतून केवढी मोठी आणि काळी, एखाद्या जनावराच्या डोळ्यासारखी. त्याचं बोट सारखं बटणावर होतं, पण आवाज येत नव्हता. फोटोवाला म्हटला की खट्‌ खट्‌ ऐकायची आपल्याला सवय. हा माणूस तासभर फोटो काढत होता आणि खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

घरी जाताना मी केतकीला विचारलं, "तो कोण होता गं?"

"मोहाडीकर काका. ताईंचे फोटोग्राफर आहेत. आधीपासूनच येतात."

"त्यांचा कॅमेरा वाजत नाही."

"आजकाल असतात तसे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

असतात तसे. पण सरळ माणसाला मुका कॅमेरा कशाला हवा, हे मला कळेना.

दोन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवर फोटो आले. मी मोजले, पंधरा. देखणे होते, ते नाकारता येणार नाही. गिरकीतला घेर असा थांबलेला, की झालरीचा टाका न्‌ टाका दिसावा. पण तासभर त्याचं बोट थांबलं नव्हतं. शेकड्यांनी फोटो निघाले असणार. मग बाकीचे गेले कुठे? आणि मला आणखी एक गोष्ट आठवली. मधूनमधून तो माणूस लेन्स रंगमंचावरून काढून डावीकडे विंगेकडे फिरवायचा. तिथे तर कोणी नाचत नव्हतं. तिथे पुढच्या मुली उभ्या होत्या, ओढण्या टाचत, एकमेकींच्या पाठीच्या गाठी बांधत.

मी क्लासवर जाऊन ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मोहाडीकर माझ्या विश्वासातले आहेत," आणि भुवई उचलली. विषय संपला. माझ्या टेबलावर विश्वासातली म्हणून येणारी गुणपत्रिका मी सगळ्यांत आधी भिंगाखाली धरते.

त्यात आणखी एक सुई टोचत होती. केतकीला त्या वर्षी मिळालेल्या प्रमाणपत्रावरची ताईंची सही मागच्या सहीशी जुळत नव्हती. अक्षरं बारीक झालेली, रेघ मधेच कातरलेली. ताईंच्या नावाने दुसरंच कोणी तरी सह्या करतं, असं माझं पक्कं मत झालं. एकूण त्या क्लासमध्ये काही तरी लपवलं जात होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मी कॅमेरा घेते."

सुधाकर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "काहून? मोबाइल आहे ना तुझ्यापाशी."

"मोबाइलनं अंधारातलं येत नाही."

"अंधारातलं काय पाहून राहिली तू?" त्याने पेपर खाली ठेवला. मी सांगितलं. तो म्हणाला, "हे पाय, पोरीची गोष्ट आहे, तू पाहिलंच पाहिजे. पण आधी पाय, मग बोल."

बर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी तीनदा गेले. दुकानदार गोरागोमटा, बोलायला गोड, म्हणून माझा त्याच्यावर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. तो मेगापिक्सेल सांगायचा, मी म्हणायचे अंधाराचं बोला. तो झूम दाखवायचा. ओढली की लांब होणारी, स्वस्तातली लेन्स. मी तिच्या कडेवरचे आकडे वाचून विचारायचे, हे तीन पॉइंट पाचचं पाच पॉइंट सहा कसं होतं? तेव्हा तो खरं बोलला. झूम ओढली की लेन्सचं भोक लहान होतं आणि उजेड कमी येतो. नाचासाठी ती कामाची नाही. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हेही तेव्हाच कळलं. ज्या धंद्यात लहान आकडा मोठी गोष्ट सांगतो, तिथे किती सावध राहायला हवं, हे मी मनात नोंदवलं.

"मले हा आतल्या गोदामात नेऊन पाहू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, लोक कॅमेरा पाहायले उजेडात नेते. तुम्ही अंधारात काहून नेऊन राहिल्या?"

"मले अंधारातच वापरायचा आहे."

गोदामात खोक्यांच्या मधे एक पिवळा बल्ब होता. दुकानदाराला मी हात हलवायला लावला आणि एकामागून एक लेन्स लावून त्याच्या हलत्या पंजाचे फोटो काढले. बहुतेकांत पंजाच्या जागी नुसता धूर आला. एका लहानशा, हलक्या लेन्सने बोटं वेगळी दाखवली. पन्नास मिलिमीटरची, एक पॉइंट आठ. दिसायला वाटीएवढी. तीच घेतली, आणि तिला बसेल अशी जुनी पण बरी बॉडी. कंपनी मुद्दाम तीच निवडली, जी मोहाडीकरांच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेली होती. त्यांचा कॅमेरा जे करू शकतो ते माझाही करू शकला पाहिजे, असा हिशेब.

घरी स्वयंपाकघरातले दिवे बंद केले, देवापुढचा छोटा बल्ब तेवढा ठेवला आणि सुधाकरला म्हटलं, "अहो, जरा गोल फिरा ना."

"आता या वयात मले नाचवून राहिली काय वं?"

पण फिरला बिचारा. माझी ओढणी खांद्यावर टाकून, ओटा आणि फ्रिजच्या मधल्या जागेत. शटरचा वेग वाढवला की फोटो काळा. वेग कमी केला की नवऱ्याचा भोवरा. आयएसओ वाढवला, म्हणजे कॅमेऱ्याला होता तेवढाच उजेड फुगवून दाखवायला सांगितलं, की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. यातलं काही तरी सोडावंच लागत होतं, आणि काय सोडायचं हे प्रत्येक फोटोला नव्याने ठरवावं लागत होतं. पंधरा मिनिटांनी सुधाकर घेरी येऊन पाटावर बसला. केतकी दारात उभी राहून हसत होती. तिचं तसं हसणं मी नंतर बरेच दिवस पाहिलं नाही.

नोव्हेंबरच्या सभेला मी कॅमेरा घेऊन डाव्या बाजूला बसले. केतकीची ठुमरी चालू होती. मी बटण दाबलं. खट्‌. पुन्हा खट्‌. त्या खोलीत तो आवाज अडकित्त्याने सुपारी फोडल्यासारखा यायचा. तिसऱ्या आवाजाला केतकीची नजर माझ्याकडे वळली आणि हात उशिरा उठला. विंगेतून ताईंची भुवई मला दिसली. मी घाईघाईने कॅमेरा मुका केला. तशी सोय माझ्याही कॅमेऱ्यात होतीच. घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोवर आडवे काळे पट्टे, पत्र्याच्या शेडमधून ऊन यावं तसे. दुकानदार म्हणाला, दोष कॅमेऱ्याचा नाही, एलईडी दिव्यांचा आहे. ते डोळ्याला न कळेल असे लुकलुकतात आणि मुका कॅमेरा ते पकडतो. मी ऐकून घेतलं. मग मोहाडीकरांच्या फोटोत पट्टे का नाहीत? दिवे तेच, खोली तीच. त्यांनी दिवेवाल्याशी काही संधान बांधलंय की काय, इथपर्यंत माझं डोकं धावलं. आज हसू येतं. तेव्हा आलं नाही.

कारण त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या फोटोंतल्या तीन फोटोंत मोहाडीकर होते. मी ते मोठे करून पाहिले. तिन्हींत त्यांची लेन्स विंगेकडे होती.

डिसेंबरची सभा संध्याकाळी सहाला संपली. मुली आतल्या खोलीत घुंगरू सोडत होत्या, ताई त्यांच्याबरोबर होत्या, दार लोटलेलं होतं. पालक चपला शोधत होते. मोहाडीकर लेन्सला झाकण लावत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आजचे फोटो दाखवता?"

"पाठवतो ना मॅडम परवापर्यंत."

"ते पंधरा नकोत. सगळे पाहायचे आहेत. विंगेतलेही."

त्यांनी मान वर केली. चेहरा उतरला. मी पंचवीस वर्षं असे चेहरे पाहिलेत, खोटी गुणपत्रिका टेबलावर ठेवणाऱ्यांचे. "ताईले विचारल्याबिगर नाही दाखवता येत," ते हळूच म्हणाले.

माझा आवाज चढला असावा, कारण चपला शोधणारे थांबले. एका मुलीचे वडील पुढे आले. "काहून? पोरी आमच्या, अन्‌ फोटो आम्हालेच नाही दाखवत?" त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा धरला. कोणी तरी म्हणालं, पोलिसांत द्या. मोहाडीकरांनी एकदा लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही पाहा. घरी, एकट्यानं. बाकी कोणाले दाखवू नका, एवढी मेहरबानी करा."

आणि ते जिना उतरून गेले. दार उघडून मुली बाहेर आल्या तेव्हा माझी मूठ मिटलेली होती. केतकीला कोणी तरी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावरही नाही.

जेवणाआधीच मी कॉम्प्युटर लावला. कार्डावर त्या दिवसाचे आणि त्याआधीच्या महिन्यांचेही, दीड-दोन हजार फोटो होते. मुलींचे जे होते ते रंगमंचावरचे, नाचातलेच. डोळे मिटलेले, हात धुरकट झालेले, पुसून टाकायच्या लायकीचे. बाकीचे कुठे गेले, त्याचं उत्तर एवढंच होतं.

मग विंग सुरू झाली. विंगेत मुली नव्हत्या. म्हणजे होत्या, पण कडेला, पुसट. मधोमध कुमुदताई होत्या. नाचत होत्या. पुढे रंगमंचावर जी मुलगी जे करत असेल तेच त्या आत अंधारात, दोन पावलांच्या जागेत, तिच्याबरोबर करत होत्या. घागर उचलणारी बोटं. पदराआडून पाहणारे डोळे. आम्ही समोर बसलेल्या कोणालाही कधी न दिसलेला नाच. ताई रंगमंचावर नाचायच्या थांबून दहा वर्षं झाली असतील. इथे त्या वीस वर्षांच्या दिसत होत्या.

पण मी माझ्या सवयीने पुढे-मागे लावून पाहत गेले आणि मला दुसरं दिसलं. दोन नाचांच्या मधे, ताई खुर्चीवर बसलेल्या असताना, जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला होता. आणि जिथे तो सुटलेला होता तिथे बाकी सगळं रेखीव, तो हात तेवढा धूसर. बसलेल्या बाईचा हात.

कातरलेली सही मला आठवली. ती दुसऱ्या कोणाची नव्हती. ताईंचीच होती.

मी कॉम्प्युटर बंद केला. एखाद्याचं कपाट उघडून आत उभं राहावं तसं झालं होतं. आणि ग्रुपवर तोवर चाळीस निरोप येऊन पडले होते. काय निघालं मॅडम? तुम्ही तर जाणकार आहात.

मी लिहिलं, "सगळे फोटो मी स्वतः तपासले. मुलींचा एकही वावगा फोटो नाही." लगेच प्रश्न आला, मग दाखवायला का तयार नव्हते? याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते देण्याचा मला हक्क नव्हता. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून संशय शाबूत राहिला. त्या आठवड्यात दोन मुलींनी क्लास सोडला.

पुढच्या शनिवारी मी कार्ड घेऊन इतवारीत गेले. भांड्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या वर, मोहाडीकरांची खोली होती. खाली टेम्पोतून स्टीलची पातेली उतरत होती, त्यांचा खणखणाट वरपर्यंत येत होता. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

"मी चुकले," मी म्हटलं.

"विचारलं ते नाही चुकलं तुमचं," ते म्हणाले. "मले पोरगी असती तं मीबी विचारलं असतं. पण तुम्ही तीन महिने मले पाहून राहिल्या होत्या मॅडम. मले काय समजत नव्हतं? एक दिवस बाजूले येऊन बसायचं होतं. सगळ्यांपुढं उभं केलं तुम्ही मले."

थोड्या वेळाने त्यांनीच पाणी दिलं आणि सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, कोरोनाच्या जरा आधी, डॉक्टरांनी ताईंना आजाराचं नाव सांगितलं होतं, कंपवात. ताई मोहाडीकरांना म्हणाल्या, माझे हात बरोबर आहेत तोवर त्यांचे फोटो काढून ठेवा, पुढच्या मुलींना दाखवायला राहतील. त्यांनी ताईंना समोर उभं करून काढायला घेतलं तर हात थरथरायचा. तबला सुरू झाला, ताई नाचात शिरल्या, की थांबायचा. म्हणून विंगेतच काढायचं ठरलं, मुलींना कळू न देता.

"कोरोनाआधीच्या कार्यक्रमात माझा कॅमेरा आवाजाचाच होता. विंगेकडं फिरवला की पोरी तिकडं मान वळवून पाहे. ताई लगेच हात खाली घे. म्हणून हा घेतला. लोक म्हणे, या वयात नवा कॅमेरा काहून घेऊन राहिले?"

"वार्षिक कार्यक्रमाला या," मी म्हटलं.

"नाही येत." ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडं पाहणाऱ्या नजरा मोजू का फोटो काढू? तुम्ही काढा. आता तुम्हालेच माहीत आहे."

मी माझी वाटीएवढी लेन्स सांगितली. त्यांनी मान हलवली. मोठ्या सभागृहात विंग लांब पडेल, पन्नासने ताई अंगठ्याएवढ्या येतील. त्यांनी पेटीतून आपली ती मोठी काळी लेन्स काढली, पंच्याऐंशीची, एक पॉइंट चार. माझ्या कॅमेऱ्याला बसवून पाहिली. बसली.

"हिचं एक आहे. पूर्ण उघडली की एवढीशीच पट्टी साफ येते. डोळा धरला तं कान जाते. तुम्ही हात धरा. अन्‌ शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवा, पट्टे नाही येत."

"एवढ्या कमी वेगावर हात धूसर येईल ना?"

"समेवर दाबा. समेवर नाचणारा क्षणभर थांबतेच. तेवढा वेळ पुरते." मग ते दारापाशी आले. "अन्‌ तुमच्या आधारची झेरॉक्स ठेवून जा. लेन्स महाग आहे. माणसाचं काही सांगता येत नाही."

खाली भांड्यांच्या गल्लीत उभं राहून मी झेरॉक्स काढली आणि वर जाऊन दिली. ते हसले नाहीत. मीही नाही.

सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मुलीला क्लासला सोडलं-आणलं, पण मला कधी सोळापर्यंत मोजता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी केतकीच्या खोलीत गेले. ती पुस्तकात डोकं घालून बसली होती.

"मला तीनताल शिकव."

"कशाला?"

"फोटो काढायचेत. माझा हात वेळेवर पडत नाही."

ती उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर टाळी द्यायला लागली. मी भाजी परतता परतता मोजायचे, चुकायचे, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आठ दिवस आमच्यात एवढंच बोलणं झालं. एक, दोन, तीन, चार.

वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी मी बुटक्या स्टुलावर बसले. दिवे उतरले. केतकी एकटी पुढे आली, दहा मिनिटं तिची होती. माझ्या हातात शहरातली बहुधा सगळ्यांत जास्त उजेड पिणारी लेन्स होती, आणि तिच्यात एका वेळी एकच माणूस मावत होता. मी ती विंगेकडे फिरवली. मुलीची दहा मिनिटं मी फक्त ऐकली. घुंगरांवरून कळत होतं ती कुठे आहे. चौदा, पंधरा, सोळा, आणि अंधारात एक हात उठून थांबायचा. मी दाबायचे. माझ्या मागे कोणी तरी कुजबुजलं, या तिकडे काय काढून राहिल्या? पाठीत ऊन लागल्यासारखं ते वाक्य मला लागलं. मोहाडीकरांच्या पाठीला ते किती वर्षं लागत असेल.

दोन वर्षांनी ताईंनी स्वतःच सगळ्यांना आजार सांगितला, म्हणून आज हे लिहिता येतं. क्लास आता त्यांची जुनी शिष्या चालवते. तिथे नियम आहे. फोटो काढणाऱ्याने कार्यक्रम संपल्यावर एका आईला सगळे फोटो दाखवायचे, मग घरी जायचं. तो नियम मीच सुचवला आणि मोहाडीकरांनी तो बरोबर म्हटला. लेन्स मी कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी परत केली, त्यांनी ती दिव्याखाली धरून तपासून घेतली, झेरॉक्स परत दिली. आता ते फोटो काढत नाहीत. भेटले तर बोलतात, पण मला मॅडमच म्हणतात. सोडून गेलेल्या दोन मुलींपैकी एक परत आली. दुसरीची आई अजून मला रस्त्यात थांबवून विचारते, खरं सांगा, काय होतं त्या कार्डावर? आता सांगितलं तरी तिला पटत नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

पण वार्षिक कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळचं अजून एक राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर ताईंनी मला मेकअपच्या खोलीत बोलावलं. ट्यूबलाइटखाली खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात डाव्यात. "तू पाहिलंस ना सगळं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "बस. दाखव."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे केला. त्या बारीक डोळे करून पाहत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते, माफीची. एका फोटोवर त्यांनी मला थांबवलं. माझ्या मते तो सगळ्यांत चांगला होता. भुवई वर गेली.

"मनगट पडलंय. हा ठेवू नकोस. हा पाहून मुली चुकीचं शिकतील."

"पुन्हा कसा मिळणार, ताई?"

"घे आत्ता," म्हणून त्या उठल्या. हात वर केला. तबला नव्हता, नाच नव्हता. हात थरथरायला लागला. त्या त्याच्याकडे रागाने पाहत होत्या, एखाद्या न ऐकणाऱ्या विद्यार्थिनीकडे पाहावं तसं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण बटण दाबवेना.

दारात केतकी उभी होती. एका पायातले घुंगरू सुटलेले, दुसऱ्यातले अजून बांधलेले. तिने ताईंचा हात पाहिला. कधीपासून उभी होती कोणास ठाऊक. तिथेच फरशीवर मांडी घालून बसली आणि टाळी द्यायला लागली. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिलं आवर्तन तसंच गेलं. दुसऱ्यात ताईंची मान हलली, खांदा उतरला. तिसऱ्यात मनगट उचललं गेलं आणि बोटं एकामागून एक उघडत गेली.

ताई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता घे."